फुटक्या ताटल्यांचं दुकान

बाईने फडक्याची गाठ सोडली. ताटलीचे पाच तुकडे शेख मुनीबच्या पुढ्यात खळकन सांडले.

"या महिन्यातली ही चौथी," शेख म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"हो, शेखसाहेब." काळ्या बुरख्याआडून उत्तर आलं.

शेजारचा तांबट अबू हिकमत ठोकता ठोकता थांबला. "शेख, ही मुद्दाम फोडते. कुंभाराची मेहुणी असेल."

"तू तुझं पातेलं ठोक."

दमास्कसच्या बाजारातलं हे दुकान कुणा दयाळू बाईने फार पूर्वी धर्मादाय करून ठेवलेलं. नोकराच्या हातून धन्याचं भांडं फुटलं, की त्याने तुकडे आणावेत आणि धन्याला कळायच्या आत तसंच नवं घेऊन जावं. अट एकच. नाव विचारायचं नाही, घर विचारायचं नाही. शेख बावीस वर्षं ही अट नमाजासारखी पाळत होता.

फडकं आवरताना बाईची बोटं दिसली. वाळल्या मुळ्यांसारखी आखडलेली. मूठ मिटत नव्हती.

"हे कशानं झालं, बाई?"

"पहिली फुटली तेव्हा हे दुकान मला ठाऊक नव्हतं. बाईसाहेबांनी हात शेगडीवर धरला. तेव्हापासून धरलेलं निसटतं."

अबू हिकमतची हातोडी वरच राहिली.

"आणि घरधनी? तो काय करत होता?"

"ते दिवसभर बाहेर असतात. लोक त्यांना चांगलं म्हणतात."

"लोकांचं काय जातंय म्हणायला," शेख म्हणाला. "किती वर्षं आहेस तिथं?"

"नऊ."

"नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही त्यानं?"

"नाही."

"अशा घरचं पाणीसुद्धा घशाखाली उतरू नये."

बाई हळूच म्हणाली, "पुन्हा फुटली तर रस्त्यावर काढीन म्हणाल्यात. या वयात मला कोण ठेवून घेणार?"

शेखने फळ्या धुंडाळल्या. दमास्कसात घरोघरी असते तशी डाळिंबाच्या फुलाची एकच ताटली उरली होती, आणि तिच्यातही खोट. फुलाखाली झिलईत कुंभाराचा अंगठा उमटलेला.

"हिच्यावर भागेल?"

"भागेल. वाढल्यावर तळ कुणाला दिसतो?"

त्याने ताटली फडक्यात बांधली. "हातात नको, काखेत धर," असं सांगून तिला पायरीपर्यंत पोचवलं. ती दिसेनाशी झाल्यावर त्याने हात पसरले. "या अल्ला, त्या घरधन्याचे डोळे उघड."

"आमीन," अबू हिकमत म्हणाला.

सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज पढून शेख घरी आला. बैठकीत बसला. जनानखान्याच्या भिंतीतली खिडकी सरकली, तबक बाहेर आलं, खिडकी मिटली. रोजच्यासारखी. पलीकडे कोण असतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तो बायकांचा कारभार.

मसुरीची आमटी आज गोड लागेना. ती आखडलेली बोटं डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपल्या घरात तरी भांडं फुटल्याचं कधी कानावर आलं नाही, या विचाराने त्याला जरा बरं वाटलं. त्याने अल्लाचे आभार मानले.

मग अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून, नेहमीप्रमाणे, रोटीच्या शेवटच्या तुकड्याने त्याने ताटली पुसून घेतली. मसुरीखालून डाळिंबाचं फूल वर आलं, आणि फुलाखाली कुंभाराचा अंगठा.