सरळ केलेली डोकी

तिसऱ्यांदाही यंत्राने वाचायला नकार दिला. दुरुस्तीवाल्या ऑर्व्हिल स्टॅम्परने नोंदी साठवलेल्या तबकड्यांचा संच उचलला, पुसला, पुन्हा बसवला. तेलाच्या दाबाने दांडा सप्पकन आत गेला, वाचणारी दहाही डोकी आपापल्या जागी थांबली, आणि कागदावर पुन्हा तेच छापून आलं: चूक.

वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खाणगावच्या दवाखान्याच्या हिशेब-नोंदी बघणाऱ्या थेल्माबाई दारात उभ्या होत्या. "सकाळपर्यंत वाचत होतं की रे!"

वाचत होतंच. त्याला बोलावलं होतं नुसतं तेल गळतंय म्हणून. गळती दहा मिनिटांत थांबली. पण गप्प बसेल तो ऑर्व्हिल कसला! पेटीतून कंपनीने सगळ्या यंत्रांसाठी ठरवलेला मापाचा संच काढून लावला, तर सगळी डोकी जागेवरून थोडी थोडी सरकलेली. मग एकेक स्क्रू फिरवून त्याने ती केसाचाही फरक न ठेवता सरळ केली. कुणी सांगितलं नव्हतं.

नसती उठाठेव! पाच वर्षं हे यंत्र वाकडंच लिहीत होतं आणि तेच वाकडं वाचत होतं. म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं. त्याने बाईंना हे सांगितलं.

"मग कर ना परत होती तशी वाकडी."

"किती वाकडी होती, बाई? सरळ करताना ते कोण मोजतं?" दुपारभर तो अंदाजाने स्क्रू फिरवून थकला होता आणि शेवटी त्याने डोकी पुन्हा मापावर आणली होती. दहापैकी प्रत्येक डोकं वेगळ्याच अंतराने सरकलेलं. कशाचा कशाला मेळ बसेना. "दुसरी प्रत असेल ना?"

"ह्याच यंत्रावर काढलेली. मूळ नोंदींची कार्डं गेल्या महिन्यात रद्दीत घातली." बाई आत आल्या. "दोन हजार खाणकामगारांचे श्वास होते त्यात, ऑर्व्हिल. सोमवारी भरपाईची सुनावणी. खाणीचा वकील म्हणणार, छाती खराब झाल्याचा पुरावा दाखवा."

"पुन्हा मोजू. मी गाडीतून आणतो सगळ्यांना."

"त्यातले तीनशे जण मेलेत. त्यांना नळीत फुंकायला सांगतोस?"

त्याने दुरुस्तीचा कागद पुढे केला. सही घ्यावीच लागणार होती. डोकी मापाप्रमाणे, यंत्र ठीक, असं त्याने सकाळीच लिहून ठेवलं होतं.

बाईंनी सही केली. "आता हे कुठल्याही यंत्रावरचं वाचेल ना?"

"कुणाचंही वाचेल," ऑर्व्हिल म्हणाला. "आपलं सोडून."