चांगल्या वर्तणुकीचं फळ

"भावाला भेटलात की नाही, एवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"भेटलो. बाबांना खुर्चीत बसवून चार मजले खाली आणायचं होतं. लिफ्ट बंद होती," धाकटा म्हणाला.

लिफ्टबद्दल कायद्यात काहीच नव्हतं.

गोदामातली तांब्याची तार दोघा भावांनी मिळून चोरली होती. शिक्षा दोघांनाही दोन वर्षांची. थोरला मुरलेला चोर, तो सरळ तुरुंगात गेला. धाकट्याचा पहिलाच गुन्हा, म्हणून कोर्टाला दया आली. शिक्षा बाजूला ठेवून त्याला तीन वर्षांच्या प्रोबेशनवर सोडलं. अटी सोप्या होत्या. नीट वागायचं, दरमहा हजेरी लावायची, खोटं बोलायचं नाही आणि गुन्ह्यातल्या साथीदाराचं तोंड पाहायचं नाही. एकही अट मोडली, तर बाजूला ठेवलेली शिक्षा भोगायची.

धाकटा इतका नीट वागला की बायकोला काळजी वाटू लागली. दारू सुटली, पत्ते सुटले, मित्र तर आपणहून सुटले. थोरला शिक्षा भोगून बाहेर आला. मग एक भाऊ आईबाबांकडे यायच्या आत दुसरा तिथून निघू लागला.

अशात बाबा न्हाणीघरात पडले. आईने घाबरून दोघांनाही फोन केला. माउलीला कायदा कुठला माहीत! बाबा वाचले. पुढच्या हजेरीला प्रोबेशनच्या बाईंनी विचारलं, विशेष काही? धाकट्याने सगळं खरं सांगितलं, वर थोड्या कौतुकाची अपेक्षाही केली. बाईंनी ते जसंच्या तसं कोर्टाला कळवलं.

तीन वर्षं संपत आली होती. एवढा काळ हा सरळ वागला, तो शिक्षेतून वजा करावा, अशी वकिलाने विनवणी केली. न्यायाधीशांनी प्रेमाने समजावलं, की प्रोबेशन ही शिक्षा नव्हे, सवलत आहे, आणि या सवलतीचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. दोन वर्षं आजपासून सुरू.

धाकट्याला सगळ्यांदेखत रडू फुटलं. आधी एखाददुसरी चोरी केली असती, तर एव्हाना आपण सुटून घरी असतो, हे त्याला फार उशिरा कळलं.

पोलीस त्याला बाहेर घेऊन निघाले. दाराशी थोरला उभा होता. धाकट्याने घाईघाईने मान फिरवली.

"बघा की त्यांच्याकडे," हवालदार म्हणाला. "प्रोबेशन संपलं तुमचं. आता भाऊ दर आठवड्याला भेटायला येऊ शकतो."