हायड्रोजनची रेघ

मालती सबनीसने शोधलेला स्फोटतारा मंदावू लागला, तेव्हा अख्ख्या संस्थेत एकट्या डॉ. रेग्यांना बरं वाटलं. बायकोचा तापही त्यांनी कधी इतक्या आस्थेने मोजला नव्हता, जितक्या आस्थेने ते रोज या ताऱ्याचं तेज मोजत.

ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजन नाही, म्हणून तो दुर्मीळ जातीचा, असं मालतीने जाहीर केलं होतं. सोमवारी रेग्यांनी स्वतः वर्णपट घेतला, तर हायड्रोजनची लाल रेघ ठसठशीत! ते लॅपटॉप घेऊन थेट कँटीनमध्ये गेले. सगळे तिथेच होते, हे उत्तमच.

"मालती, हायड्रोजन आहे गं. वाटलेले पेढे परत माग."

मालतीने शांतपणे चहात बिस्कीट बुडवलं. "रेगे, तारा ज्या दीर्घिकेत आहे, तिचा स्वतःचा उजेड वजा केलास का?"

ही वजाबाकी रेगे दरवर्षी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवत. आनंदाच्या भरात राहूनच गेली होती. त्यांनी तिथेच वजाबाकी केली. रेघ नाहीशी झाली.

"इतका स्वच्छ वर्णपट माझ्याकडेही नाही," मालती म्हणाली. "पुरावा म्हणून हाच छापते. शोधनिबंधावर तुझंही नाव घालू ना?"

रेग्यांनी लॅपटॉप मिटला.

"कितवं?"