विसावा खण

ओहोटी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी होती. सुताराने वेळापत्रकातल्या त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"दुपारच्या बसने निघालो की संध्याकाळी पोचतो. मुक्काम त्याच लॉजवर. पहाटे किनाऱ्यावर."

"आणि एकटे जाऊन करणार काय?" समोर बसलेल्या लेकीने विचारलं.

"दगड शोधणार."

"तुम्ही? शोधायची आई. तुम्ही नुसते थर्मास धरून उभे असायचात."

"कुणीतरी थर्मास धरावा लागतोच."

लेक हसली नाही. तिची नजर भिंतीवरच्या पेटीकडे गेली. सुताराने स्वतः बनवलेली, वीस खणांची. एकोणीस खणांत एकेक दगड होता. दगड झालेले शंख, दगड झालेले शिंपले, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. दरवर्षी एक, सगळे त्याच किनाऱ्यावर बायकोला सापडलेले. विसावा खण रिकामा होता.

"मी येते सोबत."

"नको. तुझं ऑफिस आहे."

"हट्टी आहात तुम्ही."

"तुझ्यावर गेलोय."

ती गेल्यावर घर पुन्हा गप्प झालं. टेबलावर सकाळचा पेपर तसाच पडला होता. बायको रोज त्यातलं शब्दकोडं पेन्सिलीने, बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरांत सोडवायची आणि एक सोपासा शब्द त्याच्यासाठी कोरा ठेवायची. "हा तुमच्या वाट्याचा," म्हणायची. तो कामावरून आला की चहा पिता पिता मोठ्या अक्षरांत तो भरायचा. कधी चुकायचाही. वर्षातून एखाद्याच दिवशी कोड्याचं पान जागेवर नसायचं. "आज जमलं नाही, टाकलं फाडून," असं ती सांगायची. आता आठ महिने कोडी कोरीच रद्दीत जात होती.

लेकीला न सांगितलेली गोष्ट वेगळीच होती. त्या किनाऱ्यावर त्याच्या बायकोला कधी काहीच सापडलं नव्हतं.

पहिल्या वर्षी ते दोघं गेले तेव्हा बायकोची आई नुकतीच वारली होती. तिने तीन दिवस वाळू आणि खडक पालथे घातले आणि रिकाम्या हातांनी परतली. बसमध्ये तिचं तोंड उतरलेलं होतं. ते तोंड सुताराला बघवलं नाही. पुढच्या वर्षी त्याने लांबच्या पेठेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून दगडातला एक शंख घेतला, तो हत्यारांच्या पिशवीत लपवून नेला, आणि अंधार असतानाच जाऊन काळ्या खडकाच्या फटीत ठेवून आला. तिला तो सापडला तेव्हा ती लहान पोरीसारखी ओरडली, "अहो, इकडे या! लवकर!"

मग काय, खोटं एकदा पेरलं की दरवर्षी उगवतंच. एका वर्षी ती दोन तास भलतीकडेच शोधत बसली. भरती चढायला लागली तसा याचा जीव टांगणीला. शेवटी न राहवून तो म्हणाला, "काळ्या खडकाकडे बघ की जरा."

तिने कमरेवर हात ठेवले. "तिकडे असेल म्हणता?"

"मला काय माहीत? आपलं सुचवलं."

"बघते हं. तुम्ही म्हणताय तर."

एकोणीस वर्षं त्याने तिला फसवलं. वीस खण भरले की सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. तेवढ्यात ऑपरेशन निघालं, आणि ती टेबलावरून परत आलीच नाही. सांगायचं राहूनच गेलं. यंदा त्या खडकापाशी उभं राहून तो ते मोठ्याने सांगणार होता. ऐकायला कुणी नसलं तरी. आणि सांगायचं तर हातात दगड हवा.

संध्याकाळी तो दुकानात गेला.

"आलात?" दुकानदार म्हणाला. "म्हटलं, यंदा विसरलात की काय."

"विसरतोय कसला."

दुकानदाराने काचेच्या कपाटाकडे पाहिलंही नाही. नेहमीसारखा गल्ल्याखालचा खण ओढला आणि सुतळीने बांधलेली पुडी पुढे केली. पहिलं वर्ष सोडलं तर दरवर्षी हेच. पुडी तयारच असायची.

"आत काय आहे ते तरी दाखवा."

"कधी वाईट दिलाय? तुमच्यासाठीच ठेवलेला असतो." मग दुकानदाराने हळूच विचारलं, "वहिनींना अजून काही कळलं नाही ना?"

सुताराने पुडीची गाठ चाचपली. "नाही."

"बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," तो म्हणाला. आणखी एक खोटं. त्याने पैसे ठेवले आणि निघाला.

घरी येऊन त्याने पिशवी भरली. बूट, हातोडी, थर्मास. कपाटातून सवयीने दोन पेले काढले आणि मग एक परत ठेवला.

पुडी पिशवीच्या तळाशी सारायला तो वाकला आणि थांबला. आजवर त्याने एकही पुडी घरात उघडली नव्हती. किनाऱ्यावरच, अंधारात चाचपडत सुतळी सोडायची, दगड फटीत ठेवायचा, कागदाचा बोळा समुद्राकाठच्या डब्यात टाकायचा. आता लपवायचं कुणापासून?

त्याने स्वयंपाकघरातला दिवा लावला, टेबलाशी बसला आणि सुतळी सोडली. सुंदर शंख होता, बोटभर, आतपर्यंत वळत गेलेला. त्याने तो बाजूला ठेवला आणि सवयीने कागदाचा बोळा करायला घेतला.

कागद वर्तमानपत्राचा होता, एका कडेने फाडून काढलेलं पान. तारीख ऑपरेशनच्या आदल्या आठवड्याची. शब्दकोडं पेन्सिलीने सोडवलेलं होतं, बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरांत, आणि एक सोपासा शब्द कोरा ठेवलेला होता.