आटलेला माणूस

"पोटाची कातडी कापून काढायची?" सीतारामरावांनी विचारलं. "हे कुठलं ऑपरेशन?"

"डॉक्टर म्हणतात, होतं," विजयलक्ष्मी दाराआडून म्हणाली. "लोंबत्या घडीखाली जखमा झाल्यात. उकाड्यात भरतच नाहीत. ताप येतो ह्यांना."

सीतारामरावांनी वाफाळत्या कापीचा पेला खाली ठेवला. समोर तिण्णईवर, दारापुढच्या ओट्याच्या कठड्याला टेकून त्यांचा पुतण्या रघुपती बसला होता. तंजावरातला मे महिना, तरी अंगात गळ्यापर्यंत बंद सदरा. परत आल्यापासून बायको विजयलक्ष्मी आणि डॉक्टर सोडले तर त्याला उघड्या अंगानं कुणी पाहिलं नव्हतं. आंघोळसुद्धा दार लावून.

रघुपती मलायाला गेला तो युद्धाच्या आधी, रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून. तेव्हा तो असा लठ्ठ होता की राजवाड्याच्या गल्लीतले घोडागाडीवाले त्याला लांबून पाहून तोंड फिरवायचे. मग जपानी आले, पत्रं थांबली. तेरा वर्षं विजयलक्ष्मीनं एकटीनं घर राखलं. पापनाशमची शेती सीतारामराव बघत, तिच्या वाट्याचं भात घरी पोचवत. शेवटी कुटुंबानं ठरवलं, रघुपती गेला असं धरून क्रिया उरकायची. पुढं तिनं कुंकू पुसून कुंभकोणमला भावाकडं राहायचं.

त्याच महिन्यात एक हडकुळा, दाढी वाढलेला माणूस नागपट्टणमला बोटीतून उतरला आणि थेट गल्लीत आला. सयामच्या रेल्वेवर जपान्यांनी मळ्यावरच्या सगळ्यांना राबवलं, पुढं वर्षानुवर्षं तिकडंच तापात पडून होतो, म्हणाला. विजयलक्ष्मीनं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि पाय धुवायला पाणी आणलं.

सगळे हरखले. सीतारामराव तेवढे हरखले नाहीत. आवाज घोगरा झालेला, चेहऱ्यात जुनं काही सापडत नव्हतं. आईचं नाव, आजोळ, मागल्या दारची विहीर, हे सगळं तो बरोबर सांगे. कुठं अडला तर म्हणे, तापात विसरलो.

"रघुपती, तुझी मुंज कुठं झाली रे?" त्यांनी आता सहज विचारलं.

तो पुटपुटला, "मुंज..."

"तिरुवैयारुला, काका," आतून विजयलक्ष्मी म्हणाली. "मला ह्यांच्या आईनं सांगितलेलं. तुमची कापी गार होते."

"मी त्याला विचारलं."

"त्यांना बोलवेना झालंय. हात लावून बघा, ताप आहे."

सीतारामरावांनी हात लावला नाही. तो आत जाऊन निजल्यावर ते दारापाशी आले.

"विजया, तू मला मुलीसारखी. हा तोच आहे ना?"

"तेरा वर्षं लोक मला विचारत होते, तो येणार का," ती म्हणाली. "आता आला, तर विचारता, तोच का. मी कुंकू कुणाच्या नावानं लावते, काका?"

सीतारामरावांनी चपला पायात सरकवल्या आणि ते घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात गेले.

सुब्रमण्यम डॉक्टर मद्रासला शिकलेले, मितभाषी. सीतारामरावांनी तमिळमध्ये सगळं सांगितलं. हा माणूस अंग लपवतो. आणि जे लपवतो तेच कापून टाकायला निघालाय. एकदा कापल्यावर काय बघायचं?

"मग आधीच बघा," डॉक्टर म्हणाले. "पण त्याची परवानगी हवी."

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी रघुपतीला विचारलं. त्यानं विजयलक्ष्मीकडं पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. मग त्यानं सदरा वर केला.

पोटाची कातडी रिकाम्या गोणीसारखी मांड्यांवर लोंबत होती. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी ती उचलली तेव्हा खालची लाल, चिघळलेली जागा दिसली. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"एके काळी हा माणूस प्रचंड लठ्ठ होता," डॉक्टर म्हणाले. "उपासमारीत माणूस आटतो, कातडी आटत नाही. ह्याचं सोंग घेता येत नाही, सर."

सीतारामराव बाहेर आले आणि बाकावर बसले. रघुपती लहान असताना ह्याच पोटावरून त्यांनी त्याला चारचौघांत चिडवलं होतं. आज भर इस्पितळात त्याला उघडा केला.

ऑपरेशन लांबलं. रक्त फार गेलं. मधेच नर्स धावत बाहेर आली, पुन्हा आत गेली. विजयलक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. सीतारामरावांना वाटलं, परका माणूस असता तर बाई अशी उभी राहिली असती का?

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "वाचला."

सीतारामराव खाटेपाशी गेले. रघुपती शुद्धीवर येत होता.

"चुकलो रे," ते म्हणाले. "वडील माणसानं असं करू नये. पापनाशमची जमीन तुझी. ह्या कापणीपासून तूच बघ. कुणी काही बोललं तर मी आहे."

त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला. त्यांनी ते धरून हळूच खाली ठेवले, विजयलक्ष्मीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत निघून गेले.

त्यांची पावलं जिन्यावरून उतरून गेली तशी ती उठली. दार लोटलं. चमच्यानं त्याच्या ओठांवर पाणी सोडलं.

"पोट दुखतं?"

"सोसेल," तो म्हणाला.

ती खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसली, अगदी कानाजवळ.

"आता ह्या गावात तुम्हाला कुणी काही विचारणार नाही," ती म्हणाली. "म्हणून मीच विचारते. तुमचं खरं नाव काय?"