चौथी पट्टी

"खट् झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"दोन्ही बाजूंना?"

"हो बाबा," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचारची बस होती.

रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर तीस वर्षं जुना कॉम्प्युटर झाकण काढून पसरला होता, आणि त्याच्यापायी सगळ्यांना ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागलं होतं. तीन महिने शोधाशोध करून बाबांनी त्याच्यासाठी मेमरीच्या चार पट्ट्या मिळवल्या होत्या. या पट्ट्या जोडीनेच चालतात; एक नीट बसली नाही तर तिची जोडीदारही मोजली जात नाही. पट्टी खाचेत तिरपी घालायची, मग सरळ उभी करायची. दोन्ही टोकांच्या चिमट्यांनी तिला पकडलं की दोनदा खट् असा आवाज येतो. तीन पट्ट्या बाबांनीच बसवल्या. चौथीची खाच वायरींच्या गुंत्यामागे होती आणि त्यांचा हात हल्ली कापायचा. म्हणून ती लेकीच्या वाट्याला आली.

"सही कर, जोडीदार." बाबांनी वही पुढे सरकवली.

पस्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. तिथला नियम निवृत्तीनंतर त्यांच्यासोबत घरी आला होता. ज्याने काम केलं त्याने वहीत सही करायची. आणि जोडीदाराची सही असली की तिथे दुसऱ्याने हात लावायचा नाही. लावला तर तो त्याचा अपमान.

"जोडीदार कसली," आई आतून म्हणाली. "पाहुणी आहे ती. तासाभराची."

तिने पर्स खांद्याला लावली आणि उभ्या उभ्या सही केली.

बाबांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर मेमरी मोजणारे पांढरे आकडे धावत सुटले आणि आठ हजारांपाशी थांबले. ते सोळा हजारांपर्यंत जायला हवे होते. तेवढी मेमरी असल्याशिवाय बाबांनी नोकरीभर काढलेले तारांचे नकाशे उघडणार नव्हते.

"अर्ध्यावरच बसलं की गाढव," बाबा म्हणाले. "असू दे. शोधू. पुढच्या रविवारी येतेस?"

"बघते," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

सोमवारी दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. ते एरवी तिला कामाच्या वेळेत फोन करत नसत. "एकच विचारतो. चौथी नीट बसली होती ना?"

समोर लिफ्टचं दार उघडत होतं. "सही केलीये ना मी, बाबा?"

"केलीस की. मग दुसरीकडेच काहीतरी आहे." त्यांचा आवाज ओशाळला होता. विचारायला नको होतं, असा. "ठेव, ठेव. कामात असशील."

मंगळवारी सकाळी आईने चहा ठेवला आणि त्यांना हाक मारली. ते उठले नाहीत.

तीन आठवडे टेबल तसंच राहिलं. आई स्वयंपाकघरातच उभ्याने दोन घास खायची.

"उद्या भंगारवाला येतोय," एका दुपारी ती म्हणाली. "मला ते बघवत नाही."

"थांब. मी एकदा बघते."

"तुला कधीपासून त्यात रस?"

आई स्वयंपाकघरात गेल्यावर ती टेबलाशी बसली. वही कॉम्प्युटरच्या झाकणाखाली होती. तिला ती उघडायची नव्हती. तरी तिने उघडली.

सोमवारचं पान भरलेलं होतं. अक्षर कापरं, ओळी मात्र सरळ. पहिली पट्टी काढली, पुसली, परत बसवली. दुसरी. तिसरी. तिघींच्या जागा आपापसात बदलल्या. वीज तपासली. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. बोर्ड सुटा करून भिंगाखाली धरला, दोन तास. सव्वीस नोंदी होत्या, आणि प्रत्येकीपुढे एकच शेरा: आठ हजार. शेजारी, रविवारच्या पानावर, चौथ्या पट्टीपुढे तिची घाईतली वाकडी सही होती. तिच्याखाली बाबांनी लिहिलं होतं, 'जोडीदाराची सही आहे. हात लावायचा नाही.'

सोमवारच्या पानावर सर्वांत खाली, जरा मोठ्या अक्षरात: 'चूक माझीच असणार. रविवारी तिला दाखवू.'

तिने वायरींच्या गुंत्यामागे बोट घातलं. पट्टीचं उजवं टोक केसभर पुढे झुकलेलं होतं. तिने ते मागे दाबलं.

खट्.

मग बटण दाबलं. आकडे धावत सुटले. आठ हजार आले आणि मागे पडले. सोळा हजारांना पडदा क्षणभर थांबला, आणि कॉम्प्युटर नीट सुरू झाला.

आई हात पुसत बाहेर आली. पडद्याकडे बघत राहिली.

"लागला?" तिने खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. "त्या सोमवारी ते धड जेवले पण नाहीत गं. रात्री अंथरुणावर पडताना म्हणाले, माझे हात आता कामाचे राहिले नाहीत. मी म्हटलं, झोपा आता, तुमच्या हातांना काय धाड भरलीय."

तिने उघड्या वहीवर हात ठेवला.

"आणि बघ, शेवटी तुझ्याच हातून झालं." आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं होतं. "केवढं कौतुक केलं असतं त्यांनी. काय केलंस गं असं?"

नुसतं 'काही नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. आई पुन्हा कधी विचारणार नव्हती. दुसरं कोणी विचारणारं उरलं नव्हतं. तिने वही आईसमोर वळवली आणि आपल्या सहीवर बोट ठेवलं.

"आई, त्या रविवारी आवाज एकदाच आला होता," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं."