खंडेनवमीनंतरचा वेग

“पेशंटचं पोट उघडं ठेवून उभा आहे मी! काढलेल्या गाठीच्या कडेला कॅन्सर उरलाय की नाही, ते सांगा!” शस्त्रक्रियागृहातून डॉ. हळबे फोनवर ओरडले.

हे पुण्याचे तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून काढलेली चित्रे पाहून ठरवणार होते. पण गाठीची ती चित्रे प्रयोगशाळेच्या सामायिक स्टोरेजच्या मशीनमधून अजून बाहेरच पडत नव्हती. पडद्यावर उरलेला वेळ: चाळीस मिनिटे.

“मशीन म्हातारं झालंय, मॅडम,” तंत्रज्ञ धुमाळांनी चार दिवसांचेच तुणतुणे वाजवले.

“म्हातारं मशीन कधी धावतं, कधी बसतं. हे चार दिवस वेगाच्या नेमक्या दहाव्या हिश्श्याने चालतंय,” पॅथॉलॉजिस्ट डॉ. गद्रे दातओठ खात म्हणाल्या. त्यांनी स्टोरेजमागची नेटवर्कची वायर उपसली. टोकाच्या बारीक पट्ट्यांवर कालवलेले कुंकू वाळून घट्ट बसले होते.

“खंडेनवमीची पूजा, मॅडम. माहिती तिथूनच जाते, म्हणून मुद्दाम वायर काढून तिथेही बोट टेकवलं.”

“बोट नव्हे, बूच लावलंत! यातल्या काही पट्ट्या झाकल्या की जोडणी थेट दहाव्या हिश्श्याच्या वेगावर उतरते!” त्यांनी नवी वायर खुपसली. चाळीसची चार मिनिटे झाली.

तज्ज्ञांचा निरोप आला: कडा स्वच्छ.

“देव पावला!” डॉ. हळबे म्हणाले.

“वायर बदलली,” डॉ. गद्रे कडाडल्या. “टाके घाला.”